ओळ क्रमांक चारशे बारा

जुळे सोलापुरात, दाताच्या दवाखान्यावर आमचं ऑफिस.
नऊ खुर्च्या, आठ कॉम्प्युटर,
एक कूलर, तोही हिरेमठ साहेबांकडे तोंड करून.
मी अंतरं भरते.
इथून तिथं किती किलोमीटर,
विमानाला किती मिनिटं.
ओळीमागं चाळीस पैसे,
चुकली तर दोन ओळींचे कापतात.

अम्मा विड्या वळते, तिचा हिशोब हजारावर.
माझाही हजारावरच,
फक्त माझ्या बोटांना तंबाखूचा वास येत नाही.

काल उत्तरेचा गठ्ठा आला.
पृथ्वीच्या पार टाळूवरची गावं,
कुठं शंभर उंबरे, कुठं दीडशे.
नावं अशी, की साहेब म्हणाले,
"वाचत बसू नकोस, नुसती उतरव."
ओळ चारशे बारा.
या गावाहून त्या गावाला, हवाई अंतर दोनशे चाळीस.
वेळ पन्नास मिनिटं.
रस्ता: नाही.
रेल्वे: नाही.
बोट: बर्फ फुटला तर, वर्षाचे दोन महिने.

दोनशे चाळीस!
हे तर साधारण आमचं पुणं.
मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर,
भिगवणला मासे तळल्याचा वास खिडकीतून आत,
आणि मग ते सगळं पुसून
नुसतं पांढरं.

घरी गेले तर पत्रा अजून तापलेलाच.
अम्मा सूप मांडीवर घेऊन दारात.
पानं कापता कापता म्हणाली,
"तिथं माणसं राहतात?"
राहतात.
"दुखलं खुपलं तर?"
विमानानं जातात.
"बाळंतपणाला?"
तेही विमानानंच असेल.
"अन् वारं सुटलं तर?"
मग बसायचं, थांबेस्तोवर.
"किती?"
ते रकान्यात नाही, अम्मा.

कात्री थोडा वेळ चालली नाही.
"एंत दूरम म्हणालीस?"
दोनशे चाळीस.
"म्हणजे आपल्या व्यंकटीएवढंच की."

अकरा वर्षांत हे नाव घरात
तिनं पहिल्यांदा घेतलं.
नाना गेले त्या वर्षी
अण्णानं दोन्ही माग भंगारात वजनावर घातले,
धोटा तेवढा ठेवला, का कुणास ठाऊक,
आणि भोसरीला गेला.
मधे चौपदरी रस्ता आहे.
सकाळी गाडी, संध्याकाळी गाडी,
एसटी तर उठसूट.
बर्फाचं तर सोडाच,
पाण्याचा टँकर आडवा आला तरी
लोक मोबाईलवर आरडाओरडा करतात इथं.

होटगी रोडवरून विमान उठलं.
शेजारची पोरं गच्चीवर धावली,
टाटा, टाटा.
अम्मानं वर पाहिलं नाही.
पंचविसाचा कट्टा बांधला,
दोरा दातानं तोडला.

आज ओळ चारशे तेरा.
तीच दोन गावं, उलटी.
अंतर तेवढंच, वेळ बासष्ट मिनिटं.
मला वाटलं, चुकलंय.
साहेब म्हणाले, "समोरचा वारा गं. परतताना लागतोच वेळ."
आणि कूलरमधे पाणी ओतायला उठले.

ते खाली नळाशी आहेत तोवर
मी तळाशी एक ओळ वाढवली.
भोसरी ते विडी घरकुल.
अंतर टाकलं.
रस्ता: आहे.
रेल्वे: आहे.
वेळेचा रकाना रिकामा ठेवून पुढं जाऊ पाहिलं
तर चौकट लाल झाली.
वेळ भरा.
पुन्हा दाबलं.
वेळ भरा.

जिन्यात बादली वाजली.
मी पन्नास मिनिटं टाकून जतन केलं.
चूक निघाली तर
कापू देत ऐंशी पैसे.